रक्त आणि हृदय: कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सवात आणि शिवजयंतीच्या सुमारास कोल्हापुरातील पेठांमध्ये आणि तालीम मंडळांमध्ये रक्तदान शिबिरे भरतात. रक्त देऊन झाल्यावर चहा-बिस्किटे घेताना लोक जे विचारतात, तेच प्रश्न पुढे शाळकरी मुले, त्यांचे पालक आणि पैलवान पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गोंधळ आढळतो: शरीरात रक्त किती आहे, त्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे आणि ते रक्त किती दाबाने वाहते आहे, या तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात. ज्यांना घाई आहे त्यांनी प्रश्न ८ आधी वाचावा. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. औषधांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

१. हृदय छातीत डाव्या बाजूला असते ना? आणि ते दिवसभरात किती काम करते?

हृदय दोन फुप्फुसांच्या मध्ये, छातीच्या मधल्या हाडाच्या मागे असते. त्याचे खालचे टोक डावीकडे झुकलेले असल्यामुळे ठोका त्या बाजूला अधिक स्पष्ट जाणवतो. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन साधारण २५० ते ३५० ग्रॅम भरते. माणूस शांत बसलेला असताना ते मिनिटाला सुमारे ७२ वेळा आकुंचन पावते आणि दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर. प्रौढाच्या शरीरात एकूण रक्तही साधारण तेवढेच असते, त्यामुळे सगळे रक्त सुमारे मिनिटाभरात एक फेरी पूर्ण करते. दिवसाचा हिशेब केला तर ठोके एक लाखाच्या वर जातात आणि रक्त सात हजार लिटरच्या आसपास. जोतिबाच्या पायऱ्या भराभर चढताना हेच हृदय मिनिटाला ५ लिटरच्या कितीतरी पट रक्त फिरवते आणि त्यातला मोठा वाटा पायांच्या स्नायूंकडे वळतो.

२. रक्त शरीरात नेमके कोणत्या वाटेने फिरते?

हृदयाला चार कप्पे असतात: वर दोन अलिंद आणि खाली दोन निलय. शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात येते, तेथून उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांत कार्बन डायऑक्साइड सोडून आणि ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात परत येते, मग डाव्या निलयात, आणि तेथून महाधमनीवाटे सर्व शरीरात जाते. म्हणजे एका पूर्ण फेरीत रक्त हृदयातून दोनदा जाते.

मटणाच्या दुकानातून आणलेले बोकडाचे हृदय प्रयोगशाळेत उभे चिरले, की हा फरक मुलांना हातानेच कळतो. उजव्या निलयाची भिंत चिमटीत सहज दुमडते, डाव्याची मात्र जाड आणि घट्ट लागते, कारण उजव्या निलयाला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच न्यायचे असते आणि डाव्याला ते डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचवायचे असते. आत बोट घातले की झडपांच्या कडांना बांधलेले पांढरे, चिवट दोरे लागतात. निलय आकुंचन पावताना झडप उलटी फिरू नये म्हणून ते तिला ओढून धरतात.

रक्त अशा बंद मार्गाने गोल फिरते हे इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. धमन्यांतील रक्त शिरांत जाते कोठून, हे मात्र त्यांना दिसू शकले नव्हते. १६६१ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या, तेव्हा तो दुवा जुळला. या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की तांबड्या पेशींना त्यांतून वाकून, एकामागून एक जावे लागते. तेथे रक्ताचा वेग अगदी मंद होतो आणि म्हणूनच ऑक्सिजन, साखर आणि टाकाऊ पदार्थ यांची देवाणघेवाण होण्यास वेळ मिळतो.

३. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध रक्त, हे नेहमीच खरे असते का?

नाही. हृदयापासून दूर नेणारी ती धमनी आणि हृदयाकडे आणणारी ती शीर, हीच व्याख्या सर्वत्र टिकते. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त असते आणि फुप्फुस शिरांत ऑक्सिजनयुक्त. परीक्षेत हा प्रश्न हमखास विचारला जातो. 'अशुद्ध' हा शब्द मला स्वतःला टाळावासा वाटतो, कारण त्यामुळे ते रक्त घाण किंवा रोगट असते असा समज होतो. त्यात ऑक्सिजन कमी असतो, एवढेच. गर्भातील बाळाचे असेच उदाहरण प्रश्न १५ मध्ये दिले आहे.

४. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात, मग आतले रक्त निळे असते का?

माणसाचे रक्त कधीही निळे नसते. ऑक्सिजन भरपूर असताना ते लालभडक आणि कमी असताना गडद तांबडे दिसते. रक्तदानाच्या पिशवीत शिरेतले रक्त असते, म्हणून ते काळपट दिसते. प्रकाश त्वचेतून आत जाऊन परत येताना त्याच्या वेगवेगळ्या रंगांचे शोषण आणि विखुरणे कमीअधिक होते, त्यामुळे शिरा बाहेरून निळसर भासतात.

५. डॉक्टर नळी लावून जो 'लब-डब' आवाज ऐकतात, तो कशाचा असतो?

तो झडपा मिटण्याचा असतो. निलय आकुंचन पावू लागले की अलिंद आणि निलय यांच्यामधल्या झडपा मिटतात आणि पहिला आवाज येतो. रक्त बाहेर पडून निलय सैल होऊ लागले की महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात आणि दुसरा येतो. या दोहोंच्या मध्ये फुसफुसल्यासारखा आवाज आला तर झडप अरुंद आहे, नीट मिटत नाही किंवा कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र आहे, अशी शंका घेतली जाते. लहान मुलांत, तापात आणि गरोदरपणात निरोगी हृदयातूनही असा आवाज ऐकू येतो, त्यामुळे डॉक्टरांनी इको तपासणी (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र पाहणे) करायला सांगितली म्हणून लगेच धास्ती घेऊ नये.

६. पायातले रक्त एवढ्या उंचावर हृदयापर्यंत परत कसे चढते?

पोटरीच्या स्नायूंमुळे आणि शिरांमधील झडपांमुळे. विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह बसवलेला असतो, तो पाणी वर जाऊ देतो पण मोटार थांबल्यावर ते परत विहिरीत उतरू देत नाही. शिरांमधील झडपा नेमके हेच करतात. चालताना पोटरीचा स्नायू आवळला की शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकते, स्नायू सैल पडला की झडप मिटते. छातीत श्वास भरताना निर्माण होणारी ओढही रक्त वर खेचण्यास मदत करते.

फाउंड्रीत, दुकानाच्या गल्ल्यामागे किंवा चौकात वाहतूक सांभाळत तासन्‌तास एकाच जागी उभे राहणाऱ्यांच्या पोटऱ्या हलतच नाहीत. कालांतराने झडपा निकामी होऊन शिरा फुगतात, वेड्यावाकड्या दिसतात, घोट्याशी सूज येते. अशा कामात अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावले चालावे आणि घरी आल्यावर पाय उशीवर ठेवावेत. शाळेच्या मैदानावर उन्हात बराच वेळ स्तब्ध उभा असलेला विद्यार्थी चक्कर येऊन पडतो त्यामागेही हेच कारण असते: रक्त पायांत साचते आणि मेंदूकडे क्षणभर कमी जाते. त्याला उठवून बसवण्याची घाई करू नये. आडवेच ठेवून पाय थोडे वर धरावेत.

७. रक्तात नेमके काय काय असते?

निम्म्याहून थोडा अधिक भाग पिवळसर रक्तद्रव असतो, आणि त्यात बहुतांश पाणी असून प्रथिने, क्षार, साखर आणि संप्रेरके विरघळलेली असतात. उरलेला भाग पेशींचा. एका घनमिलिमीटरमध्ये सुमारे ५० लाख तांबड्या पेशी, ४ ते ११ हजार पांढऱ्या पेशी आणि दीड ते साडेचार लाख रक्तपट्टिका (प्लेटलेट्स) असतात. या सगळ्या अस्थिमज्जेत तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडल्यावर तिच्यातील लोह शरीर पुन्हा वापरते. डेंगीच्या साथीत 'पेशी कमी झाल्या' असे जे म्हटले जाते, त्यात बहुधा रक्तपट्टिका अभिप्रेत असतात.

८. 'रक्त कमी आहे', 'बीपी लो झालाय' आणि 'ठोके कमी पडतात' हे सगळे एकच ना?

नाही, आणि हा फरक न कळल्यामुळे घरोघरी चुकीचे उपाय केले जातात.

'रक्त कमी आहे' असे जेव्हा तपासणीनंतर सांगितले जाते, तेव्हा बहुतेक वेळा रक्ताचे माप कमी नसते, तर त्यातील हिमोग्लोबिन कमी असते. हे ऑक्सिजन वाहून नेणारे, लोहयुक्त प्रथिन आहे. पुरुषांत ते डेसिलिटरला १३ ग्रॅमपेक्षा, स्त्रियांत १२ पेक्षा आणि गरोदरपणात ११ पेक्षा कमी असेल तर त्यास रक्तक्षय म्हणतात. रक्तदाब ही पूर्णपणे वेगळी बाब आहे: वाहणारे रक्त धमनीच्या भिंतीवर किती जोराने दाब देते, तो आकडा. आणि ठोके म्हणजे हृदय मिनिटाला किती वेळा आकुंचन पावते ते.

हे तिन्ही आकडे स्वतंत्रपणे बदलू शकतात. एखाद्या महिलेचे हिमोग्लोबिन ८ असताना तिचा रक्तदाब १३०/८० असू शकतो. ती जिना चढताना धापा टाकते, पण यंत्रावर 'बीपी नॉर्मल' दिसल्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. उलट, सडपातळ तरुणीचा रक्तदाब १००/६० आणि हिमोग्लोबिन १३ असेल व तिला काही त्रास नसेल, तर ती निरोगी आहे. सर्वांत फसवा प्रसंग अपघाताचा. भरपूर रक्त वाहून गेलेल्या तरुणाचे हिमोग्लोबिन पहिल्या तासात १४ दिसू शकते, कारण पेशी आणि रक्तद्रव दोन्ही सारख्याच प्रमाणात गेलेले असतात आणि उरलेल्या रक्ताचा दाटपणा तोच राहतो. त्याच्या जिवाला धोका असतो तो रक्ताचे एकूण माप घटल्यामुळे, आणि त्याची खूण म्हणजे वेगाने पडणारी बारीक नाडी, थंड घाम व नंतर उतरणारा दाब.

उपायही त्यामुळे वेगळे ठरतात. जुलाबाने पाणी गेले असेल तर मीठ-साखर-पाणी उपयोगी पडते, कारण तेथे रक्तद्रव घटलेला असतो. हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या बाईला रोज मीठ-साखर-पाणी पाजून काहीही साध्य होत नाही, आणि तिचा दाब आधीच वाढलेला असेल तर ते मीठ अपायच करते.

९. बीट, गूळ, तांबडा रस्सा यांनी रक्त वाढते का?

बिटाचा लाल रंग हिमोग्लोबिनचा नसतो आणि त्यात लोहही बेताचेच असते. तांबड्या रश्श्याचा रंग मिरचीचा. त्यातून लोह मिळते ते मटणातून, आणि कलेजीतून त्याहून अधिक. आपल्याकडच्या गुळात थोडे लोह असते, पण खड्याभर गुळाने गरज भागत नाही. शाकाहारी जेवणात अळीव, कडधान्ये आणि हिरव्या पालेभाज्या उपयोगी आहेत. त्यांवर लिंबू पिळले तर लोह अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा मात्र शोषण कमी करतो, म्हणून त्यात तासाभराचे अंतर ठेवावे.

आहारापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा, की हिमोग्लोबिन कमी का झाले? पाळीत होणारा अतिस्राव, शेतात अनवाणी चालल्याने होणारे अंकुशकृमी, मूळव्याध, पोटातला व्रण, बी-१२ ची कमतरता अशी कारणे शोधावी लागतात. लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल, तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका आनुवंशिक दोषाचे वाहक असणे, आहे का हे तपासून घ्यावे. त्यात लोहाची कमतरता असेलच असे नाही, आणि पती-पत्नी दोघेही वाहक असतील तर बाळाला गंभीर स्वरूपाचा आजार होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के असते.

१०. आमच्या तालमीतल्या पैलवानाची नाडी ४८ लागली. हृदय कमजोर झाले का?

बहुधा उलट आहे. वर्षानुवर्षे मेहनत करणाऱ्याचा डावा निलय मोठा आणि बळकट होतो, एका ठोक्यात अधिक रक्त पुढे जाते, त्यामुळे तेच ५ लिटर फिरवण्यास कमी ठोके पुरतात. उजव्या अलिंदातील पेशींचा एक लहान पुंजका विजेचा संदेश निर्माण करून ठोक्याची लय ठरवतो, आणि सरावाने त्याच्यावर शांत ठेवणाऱ्या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. हा पुंजका मज्जातंतूंविनाही काम करत राहतो. म्हणूनच प्रत्यारोपण केलेले हृदय नव्या शरीरात धडधडते, फक्त त्याची विश्रांतीतील गती थोडी अधिक असते.

पण नाडी कमी असून चक्कर येत असेल, लढतीच्या मध्येच शुद्ध हरपली असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर ईसीजी आणि इको तपासणी झाल्याशिवाय आखाड्यात उतरू नये. काही घराण्यांत हृदयाची भिंत आनुवंशिक दोषाने जाड होते आणि ती बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या मुलाचाही बळी घेऊ शकते. वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवण्याची सवयही मला फार काळजीची वाटते: त्याने रक्ताचे माप घटते, रक्त दाट होते आणि हृदयाला त्याच कामासाठी अधिक वेगाने धावावे लागते. वस्तादांनी हे मनावर घ्यावे, अशी कळकळीची विनंती आहे.

११. घरच्या यंत्रावर बीपी दर वेळी वेगळा का येतो?

कारण तो खरोखरच क्षणाक्षणाला बदलतो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मिसरी घेऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीत ठेवावा आणि मोजताना बोलू नये. वरचा आकडा निलय आकुंचन पावतानाचा, खालचा ते सैल पडतानाचा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही दवाखान्यात तो १४०/९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर उच्च रक्तदाब समजतात. गोळी चालू असताना दाब 'नॉर्मल' येतो तो गोळीमुळे, त्यामुळे स्वतःच्या मनाने ती बंद करू नये.

१२. हृदय तर सतत रक्ताने भरलेले असते, मग त्यालाच रक्त कमी कसे पडते?

कप्प्यांतून वाहणाऱ्या रक्ताचा उपयोग हृदयाच्या जाड भिंतीला जवळजवळ होतच नाही. तिच्यासाठी महाधमनीच्या अगदी सुरुवातीला दोन स्वतंत्र धमन्या फुटतात आणि बाहेरून हृदयावर पसरतात. डाव्या निलयाच्या भिंतीत रक्त मुख्यतः हृदय सैल पडते त्या वेळात शिरते. या धमन्यांच्या भिंतीत चरबीयुक्त थर साचत जातो. तो थर फाटला की त्यावर रक्ताची गुठळी होते, वाट बंद पडते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका.

याचा दोष एकट्या पांढऱ्या रश्श्याला देता येणार नाही. मटणाची चरबी आणि नारळाचे दूध रोजच्या रोज नको, हे खरे. परंतु तंबाखू, विडी-सिगारेट, मधुमेह आणि न तपासलेला रक्तदाब यांचा वाटा फार मोठा आहे, आणि रविवारचा रस्सा सोडून तंबाखूची पुडी खिशात ठेवणाऱ्याने नेमकी चुकीची गोष्ट सोडलेली असते.

१३. हार्ट अटॅक येणे आणि हृदय बंद पडणे यांत फरक काय? अशा वेळी काय करावे?

झटक्यात हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा थांबतो. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटते, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते, घाम फुटतो. मधुमेहींत आणि स्त्रियांत केवळ धाप, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ एवढेच असू शकते, म्हणून 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिऊन रात्र काढू नये. हृदय बंद पडते तेव्हा मात्र माणूस कोसळतो, हाकेला प्रतिसाद देत नाही आणि श्वास थांबतो किंवा आचके लागतात. तत्काळ १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहावे. तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे यांत मिनिटे वाया जातात.

१४. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त खरेच पाण्यासारखे होते का?

होत नाही. ॲस्पिरिन रक्तपट्टिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. वॉरफेरिन यकृतात तयार होणारे गोठण्याचे घटक कमी करते. रक्ताचा दाटपणा तोच राहतो, गुठळी होण्याची क्षमता घटते. दात काढण्याआधी या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, कारण कृत्रिम झडप किंवा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) असलेल्या रुग्णाला त्या काही दिवसांतच जिवावर बेतणारी गुठळी होऊ शकते. दंतवैद्य आणि हृदयरोगतज्ज्ञ या दोघांनाही विचारावे.

१५. बाळाच्या हृदयाला भोक आहे असे सांगितले. ते आपोआप बुजते का?

गर्भात फुप्फुसे श्वास घेत नसतात, त्यामुळे दोन अलिंदांमधील पडद्यात एक वाट प्रत्येक बाळाला असतेच, आणि ऑक्सिजनयुक्त रक्त वारेकडून नाळेतील शिरेवाटे येते. जन्मानंतर पहिल्या श्वासासोबत दाब बदलतात आणि ही वाट मिटते. सुमारे चौथ्या हिश्श्याइतक्या प्रौढांत ती पूर्ण सांधलेली नसते आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. निलयांमधील छिद्र हा मात्र जन्मजात दोष आहे. लहान छिद्रे बऱ्याचदा पहिल्या काही वर्षांत आपोआप मिटतात. बाळ दूध पिताना दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, वजन वाढत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर थांबू नये.

१६. रक्तदान केल्यावर अशक्तपणा येतो का? रक्त भरून यायला किती दिवस लागतात?

एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातील रक्तद्रव एक-दोन दिवसांत आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात. लोहाचा साठा भरायला त्याहून अधिक वेळ लागतो, म्हणून पुरुषांसाठी तीन आणि स्त्रियांसाठी चार महिन्यांचे अंतर ठरवलेले आहे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे. शिबिरात बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात: तो सरळ तळाशी गेला तर हिमोग्लोबिन पुरेसे आहे, तरंगला किंवा मध्येच रेंगाळला तर त्या दिवशी रक्त घेत नाहीत. उपाशीपोटी येऊ नये.

१७. माझा रक्तगट 'ओ' सांगितला होता, पण आता 'बॉम्बे' असल्याचे कळले. हे कसे शक्य आहे?

'ए' आणि 'बी' हे दोन्ही घटक तांबड्या पेशींवर 'एच' नावाच्या पायाभूत घटकावर उभे असतात. 'ओ' गटात 'ए' आणि 'बी' नसतात, पण 'एच' असतो. बॉम्बे गटात तोच नसतो, त्यामुळे नेहमीच्या चाचणीत हे रक्त 'ओ' भासते. डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईत हा गट नोंदवला. या लोकांच्या रक्तद्रवात 'एच' विरुद्ध प्रतिद्रव्ये असतात, म्हणून त्यांना 'ओ' रक्त दिले तरी ते मोडते. त्यांना फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. रक्तद्रव 'ओ' गटाच्या पेशींशी तपासला की हे उघड होते.

यातून घरात विनाकारण संशयही निर्माण होतो. आईवडील दोघेही कागदोपत्री 'ओ' आणि मूल 'ए' किंवा 'बी', असे झाले तर दोघांपैकी एक बॉम्बे गटाचा आहे का, हे आधी तपासावे: त्या व्यक्तीकडे 'ए' किंवा 'बी' चे जनुक असते, पाया नसल्यामुळे ते फक्त दिसत नाही. हा गुण आईकडून आणि वडिलांकडून दोघांकडूनही यावा लागतो, त्यामुळे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घराण्यांत तो आढळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच ज्यांचा हा गट निघाला त्यांनी रक्तपेढीत दुर्मीळ दाता म्हणून नाव नोंदवावे आणि सख्ख्या भावंडांची चाचणी लगेच करून घ्यावी, कारण प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता किमान २५ टक्के असते आणि अडचणीच्या वेळी सर्वांत जवळचा दाता बहुधा घरातच सापडतो.